पट्ट्याचं माप

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि नको असलेल्या पाहुण्यासारखा बूड टेकून बसला. विहिरींचं पाणी रोज वीतभर खाली जायला लागलं. चाळीस हात दोर सोडला तरी बादलीत येणार गाळ, आणि गाळात फार तर एखादा बेडूक, तोही तोंड पाडून बसलेला. गवंड्यांनी भिंती बांधायच्या सोडल्या आणि ते विहिरींचे तळ उपसायला लागले. कुठेही जा, एक माणूस आत आणि चार शहाणे काठावर.

उतारावरच्या घरात तिघं राहायची. सासू, थोरली सून आणि धाकटा मुलगा. धाकटा पाणी उपसायची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या अंगाला बारा महिने डिझेलचा वास. थोरली खिडकीशी मशीन टाकून गावाचे कपडे शिवायची. मशीनच्या वर भिंतीला तिच्या नवऱ्याचा फोटो होता, आणि फोटोशेजारी चौकटीत घातलेलं मानपत्र. ‘दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणार्पण केल्याबद्दल.’ सासू रोज सकाळी पदराने आधी मानपत्र पुसायची, मग फोटो.

चार उन्हाळ्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या विहिरीत एक मजूर गाळ काढायला उतरला आणि ओ देईनासा झाला. हाक आली तेव्हा थोरला जेवत होता. तो धावत गेला, आत उतरला, आणि तोही ओ देईनासा झाला. दोन माणसं गेली. मानपत्र एकालाच मिळालं. दुसरा नुसताच मजुरीला उतरला होता ना!

जे मानपत्रात नव्हतं ते थोरलीला ठाऊक होतं. हाक आल्यावर नवरा हात धुऊन उंबऱ्यात थबकला होता. “कोणी ना कोणी गेलं असेल गं,” असं म्हणाला होता. आणि तीच म्हणाली होती, “अहो, बघताय काय? माणूस मरतोय तिथे. उतरा ना!”

तेव्हापासून ती शिवताना टाचण्या ओठांत धरायची. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही. शिवण मात्र तिची अशी सरळ की पट्टी लावून बघावी.

एका गुरुवारी फटफटीवरून एक बुटका माणूस आला. आगीच्या बंबावर तीस वर्षं काढलेला, निवृत्त. गळ्यात शिट्टी. शहरातून मदतीची गाडी यायला पाऊण तास लागतो, तोवर गावानेच काय ते करायचं, म्हणून वीस जणांना शिकवायला त्याला पाठवलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात त्याने इतक्या वेळा शिट्टी फुंकली की संध्याकाळपर्यंत त्याचं नाव शिट्टीमास्तर पडलं.

“ताई, जाड पट्टा शिवाल का?” त्याने खिडकीतून विचारलं आणि ट्रकवर ताडपत्री बांधायच्या पट्ट्यांचं भेंडोळं पुढे केलं. “विहिरीत उतरणाऱ्याच्या अंगात घालायचा. छातीभोवती एक वेढा, दोन्ही मांड्यांतून दोन. पाठीला कडी, कडीला दोर. बेशुद्ध पडला तरी वरून ओढून काढता आला पाहिजे.”

थोरलीने पट्टा दोन बोटांत धरून ओढून बघितला. टाचण्या काढून म्हणाली, “साध्या दोऱ्याने भागणार नाही. चप्पल शिवायचा दोरा लागेल. आणि प्रत्येकाचं माप घ्यावं लागेल.”

“म्हणूनच तुमच्याकडे आलो. मशीन घेऊन शाळेच्या ओसरीतच बसा. वर्ग चालेल, मापंही होतील.”

अशी ती वर्गात बसली. शिकायला नव्हे, शिवायला. सासूही मागोमाग गेली. सुनेचं मशीन कोणी धड उचलतंय की नाही ते बघायला.

मास्तरने फळ्यावर विहीर काढली आणि तळाशी एक आडवा माणूस. “हा ओ देत नाही. तुम्ही काय कराल?”

“उतरणार!” वीसच्या वीस जण ओरडले.

मास्तरने आडव्या माणसाशेजारी दुसरा आडवा माणूस काढला. मग तिसरा. “झालं. आता तीन. विहिरीत विषारी हवा साठते. तिला वास नसतो, रंग नसतो. तुम्ही कंदील सोडून बघता. कंदील जळत राहतो आणि माणूस मरतो. पहिला नियम लिहून घ्या. जो मागून उतरतो तो शूर नव्हे. तो नंबर दोन.”

 मशीन थांबलं. मास्तर परगावचा, त्याला काय माहीत! पण बाकी सगळ्यांच्या माना आपोआप खांबाकडे वळल्या. खांबाला टेकून सासू बसली होती.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. “माझा लेक नंबर दोन होता होय रे?” ती म्हणाली. “घरी ये. चौकटीत लावलाय बघ नंबर.” आणि ओसरी उतरून चालती झाली.

त्या रात्री धाकट्याने ताटावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, “मी त्या वर्गाला जाणार नाही. आणि वहिनी, तुम्हीही जाऊ नका. भावाला मूर्ख म्हणतात आणि आपण त्यांचे पट्टे शिवायचे?”

थोरली भाकरी वाढत राहिली. खरं तर तिला रडायला यायला हवं होतं. पण फळ्यावरची ती तीन आडवी माणसं बघितल्यापासून तिच्या छातीत काहीतरी हललं होतं, वर्षानुवर्षं न उघडलेल्या खिडकीची कडी हलावी तसं.

दुसऱ्या दिवशी मास्तर खरंच घरी आला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं. फोटोसमोर जरा वेळ उभा राहिला, मग खाली जमिनीवर बसला, सासूच्या पायांशी.

“आजी, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. ज्याला शिकवलं नाही त्याची चूक नसते. आमची असते. आम्ही चार वर्षं उशिरा आलो.”

सासूने त्याच्याकडे बघितलं नाही. पण सुनेला म्हणाली, “चहा टाक. बुटका आहे पण बोलायची रीत आहे.”

पुढच्या गुरुवारी मास्तरला सरावासाठी बेशुद्ध माणूस हवा होता. कोणी पडायला तयार होईना. पुरुषांना लाज, बायकांना साडी सावरायची चिंता. सासू खांबापासून म्हणाली, “मी पडते. नाहीतरी घरी पडूनच असते.”

तिच्यासारखी बेशुद्ध बाई त्रिभुवनात सापडली नसती. डोळे मिटायची आणि तोंड चालू ठेवायची. “अरे, मान धर आधी! उसाची मोळी उचलतोस का? कुशीवर घे, कुशीवर, उताणी ठेवशील तर उलटी नरड्यात जाईल की माझ्या!” मास्तर म्हणायचा, “आजी, बेशुद्ध माणूस बोलत नाही.” त्यावर ही एक डोळा उघडून, “मग यांना शिकवणार कोण?”

खोटी हाक दिली की सगळे विहिरीकडेच धावायचे, हीही एक गंमत. वीस जण काठावर वाकलेले. मास्तरने कपाळावर हात मारून घेतला. “काहींनी उलटं पळायचं! एकाने फोन करायचा, एकाने मोठ्या रस्त्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवायची. नाहीतर गाडी शेजारच्या गावात जाऊन परत येते.” हे पळून जायचं काम कोणाला नको. शेवटी ते गिरणीवाल्याच्या गळ्यात पडलं. गिरणीवाला अंगाने भक्कम, चार पावलांत दम लागणारा, पिठाने भुवयासुद्धा पांढऱ्या. गावाने त्याचं नाव ठेवलं, पळपुट्या.

खरी पंचाईत मापांची झाली. छातीचं माप द्यायला पुरुष तयार. पण थोरली टेप घेऊन मांडीपाशी वाकली की एकेकाचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं व्हायचं. वर्गातला गवंडी तर हसता हसता ओसरीवरून खाली पडायचा बाकी राहिला. “वहिनी, माझ्या आईनंतर इथं कोणी माप घेतलं नाही हो!”

“आईने माप घेतलं नसेल, चापट दिली असेल,” सासू म्हणाली.

पट्टे तयार झाले. घातल्यावर मात्र मांड्यांतले वेढे लंगोटासारखे दिसायला लागले आणि काठावरची पोरं फिदीफिदी हसायला लागली. झालं. पुढच्या सरावापासून गड्यांनी एक युक्ती काढली. छातीचा पट्टा आवळायचा आणि मांड्यांचे वेढे सोडून मागे लोंबकळू द्यायचे. वरून बघणाऱ्याला वाटावं, पट्टा घातलाय.

सरावात गवंड्याला झाडाच्या फांदीवरून उचललं. तो हात वर करून, अंग सैल सोडून, बेशुद्धासारखा लोंबला. आणि पट्ट्यातून सुळकन खाली आला, सोललेल्या केळासारखा. खाली गवताचे भारे होते म्हणून कमरेवर भागलं.

“विहिरीत गवत नसतं,” मास्तर एवढंच म्हणाला.

त्याने पुन्हा बजावलं, शिट्टी फुंकली, ओरडला. गड्यांनी माना डोलावल्या. थोरलीने त्या माना बघितल्या. गावभरच्या पुरुषांचे कपडे शिवून तिला एक गोष्ट कळली होती. पुरुषाला जे बटण नको असतं ते तो लावत नाही, कितीही सांगा. सांगून उपयोग नाही. शिवणच बदलली पाहिजे.

चार दुपारी खपून तिने वीसच्या वीस पट्टे उसवले. मांड्यांचे वेढे आणि छातीचा वेढा एकाच अखंड पट्ट्यात जोडले, पायजमा आणि सदरा एकत्र शिवावा तसे. आधी पाय घाला, मगच छाती आवळेल. पाय घातले नाहीत तर पट्टा अंगावर चढणारच नाही. चामडं शिवायची सुई पेलायला मशीनने नकार दिला तेव्हा हाताने टाके घातले. अंगठ्याला भोक पडलं, त्यावर फडकं बांधून पुढे शिवलं. मास्तरने पट्ट्याला वाळूची दोन पोती टांगून रात्रभर ठेवली. सकाळी एक टाका हललेला नव्हता.

“आता घाला नाहीतर फेका,” तिने गवंड्याला सांगितलं. चार वर्षांत तिने कोणाला इतकं मोठं वाक्य ऐकवलं नव्हतं.

एका जुन्या ताडपत्रीची तिने एक लांबच लांब बाही शिवली, चाळीस हातांची. धान्य उफणायच्या हातपंख्याच्या तोंडाला बाहीचं एक टोक बांधायचं आणि दुसरं विहिरीत सोडायचं. पंखा फिरवला की ताजी हवा तळाशी. मास्तर बघतच राहिला. “ही कोणत्या माणसाची बाही?” त्याने विचारलं.

“विहिरीची,” ती म्हणाली.

धाकट्याने यातलं काही बघितलं नाही. त्याला वेळ नव्हता आणि राग होता.

शाळेमागच्या विहिरीचं काम त्याच्याच इंजिनावर चाललं होतं. पाणी इतकं खोल गेलं होतं की काठावर ठेवलेलं इंजिन ते ओढेना. धाकट्याने डोकं चालवलं. इंजिन दोराला बांधून आत उतरवलं आणि अर्ध्यावरच्या कपारीत बसवलं. इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, त्याच्या धुरात तीच वास नसलेली हवा असते, हे मास्तरने दुसऱ्याच गुरुवारी शिकवलं होतं. पण वर्गाला न गेलेल्याला दुसरा गुरुवार कुठला?

सकाळचे अकरा वाजले होते. गवंडी तळाशी गाळाची पाटी भरत होता. अंगात पट्टा होता, कारण गवंडीण म्हणाली होती, “लंगोट घातला नाहीत तर पाटी तुमची तुम्हीच वर आणा.” दोराचं टोक काठावरच्या झाडाला, कप्पीवरून. इंजिन धापा टाकत टाकत बंद पडलं. गवंडिणीने खाली हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली.

तिने मास्तरने दिलेली गळ्यातली शिट्टी तोंडात घातली. तीन लांब, म्हणजे आत माणूस पडलाय.

थोरली मशीनवर होती. शिट्टी ऐकली आणि पाय मशीनवरून उठले ते थेट रस्त्यावर. पंखा आणि बाही शाळेच्या ओसरीत असायची. दोघांना हाताशी घेऊन तिने ती उचलली. चौकात गिरणीवाला दिसला. तो विहिरीकडे बघतसुद्धा नव्हता. कानाला फोन लावून, पोट सावरत, उलट्या दिशेने मोठ्या रस्त्याकडे पळत होता. त्याच्यामागे पिठाचा ढग.

ती विहिरीवर पोचली.

धाकट्याचा सदरा काठावर पडला होता. त्याचा एक पाय विहिरीच्या आत, कठड्यापलीकडे. दुसरा पाय अलीकडे, आणि त्या पायाला म्हातारी सासू मिठी मारून आडवी पडली होती. मुलाचं जेवण घेऊन आली होती ती. डबा उघडून मातीत सांडला होता. गुडघ्यांची रोज तक्रार करणारी बाई पोटावर पडून, हनुवटी मातीत रुतवून, मुलाचा घोटा धरून होती.

“सोड आई! माणूस मरतोय तिथे!” धाकटा ओरडत होता. “माझ्या इंजिनाने मरतोय! भाऊ असता तर उभा राहिला असता का?”

“नसता राहिला!” म्हातारी मातीतून म्हणाली. “म्हणूनच नाहीये तो! आधी माझा हात तोड, मग उतर!”

माणूस मरतोय तिथे. थोरलीने ते शब्द ओळखले. तिचेच होते. तिने तोंड उघडलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ओठांत अजून टाचण्या आहेत. थू करून त्या मातीत टाकल्या.

“उतरायचं नाही!” आवाज इतका मोठा निघाला की कप्पीवरचा कावळा उडाला. “भाऊजी, पाय बाहेर घ्या. हातात जोर आहे ना? तो इथे घाला. पंखा फिरवा.”

“वहिनी, तो—”

“त्याच्या अंगात पट्टा आहे. मी शिवलाय. फिरवा!”

धाकट्याने तिच्याकडे असं बघितलं जणू ही बाई त्याने आजवर पाहिलीच नव्हती. मग पाय बाहेर घेतला आणि पंख्याचा दांडा धरला. बाही सळसळत आत गेली, फुगली, अजगरासारखी तळापर्यंत लोंबली. आठ जण दोराला लागले. थोरली काठावर पालथी पडून बघत होती. गवंडी कुशीवर, निम्मा गाळात.

“ओढा. सावकाश. झटका नको.”

दोर ताणला. गवंडी उठला, अर्धा वाकला, मान छातीवर, हात लोंबते. सैल माणूस किती जड असतो! कपारीपाशी त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर गेले, अगदी त्या दिवशी फांदीवर गेले होते तसे. गवंडिणीने डोळे मिटून घेतले. थोरलीने मिटले नाहीत. तिला तिचे टाके मोजता येत होते. मांडीपाशी दुहेरी, बगलेत तिहेरी. पट्टा वर सरकला, मांड्यांत अडकला आणि थांबला. माणूस त्यात बसल्यासारखा बसून राहिला.

“ओढा!”

वर आल्याबरोबर चौघे पुढे झाले, आणि म्हातारी जमिनीवरूनच किंचाळली, “कुशीवर! कुशीवर घ्या त्याला! मला सरावात घेता तसं! मान सांभाळ मेल्या!”

कुशीवर घेतला. थोरलीने गाल त्याच्या नाकाशी नेला. काही नाही. काही नाही. मग गालाला एक ओलसर, गाळाचा वास असलेली फुंकर लागली. पुन्हा एक. गवंडी खोकला, भडभडून ओकला, आणि डोळे न उघडता म्हणाला, “पाटी... ओढली का?”

गवंडीण त्याच्या पाठीत बुक्की मारायला धावली, तिला दोघींनी धरली.

गाडी आली तेव्हा तिच्यापुढे गिरणीवाला धावत होता. गाडीत बसा म्हटलं तरी बसला नव्हता म्हणे. नळी, नळीला प्राणवायू, गवंडी आत, गवंडीण आत. दार लागल्यावर गिरणीवाला धपकन खाली बसला. कोणीतरी त्याला पाणी दिलं. पळपुट्या हे नाव त्या दिवसानंतर गावात राहिलंच, पण म्हणताना लोक जरा सरळ उभे राहायला लागले.

दिवस कलताना दवाखान्यातून फोन आला. डोकं दुखतंय, दोन दिवस ठेवतील, घरी पाठवतील. म्हातारी पलंगावर पडली होती. कोपर सोललेलं, हनुवटीला माती. थोरली ओल्या फडक्याने ती पुसत होती.

“आई,” थोरली म्हणाली. हातातलं फडकं थांबलं. “त्या दिवशी ते उंबऱ्यात थांबले होते. मी म्हटलं उतरा. मी म्हटलं म्हणून गेले.”

म्हातारीने छताकडे बघितलं.  “मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मी आत पाणी पीत होते. ऐकलं मी.”

“मग चार वर्षं तुम्ही—”

“काय बोलणार होते? तू बोलली नसतीस तर मी बोलले असते. तांब्या खाली ठेवायला जेवढा वेळ लागला, तेवढीच तू पुढे.” तिने सुनेच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि हनुवटी स्वतःच पुसायला लागली, जरा जास्तच जोरात. “शिकवलं नव्हतं कोणी. त्यालाही, तुलाही, मलाही. तो बुटका म्हणाला नाही का?”

दारात सावली पडली. धाकटा. सकाळपासून घरी आला नव्हता. इंजिन विहिरीतून वर काढून, धुऊन, शाळेच्या ओसरीत ठेवून आला होता. आत येऊन भावाच्या फोटोखाली उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

“वहिनी,” तो म्हणाला, “गुरुवारी वर्ग किती वाजता असतो?”

“चारला.”

“मग...” तो जमिनीशी बोलला. “माझं माप घ्या.”

थोरलीने टेप घेतला. छाती. कंबर. मग वाकून मांडी, आणि धाकट्याचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं.

“सरळ उभा राहा,” पलंगावरून आवाज आला. “आणि तू गं, ढिलं शिवू नकोस. हा निसटणाऱ्यातला आहे.”

थोरलीने मापांची वही काढली. थोरल्याचं पान तिने कधी फाडलं नव्हतं. छाती सदतीस. त्याच्यासमोरच्या कोऱ्या पानावर तिने लिहिलं, छाती अडतीस, आणि खाली बाकीची मापं. पेन्सिल ठेवली. टाचण्यांची डबी उघडली, जरा विचार केला, आणि झाकण लावून टाकलं.

“हात वर करा, भाऊजी,” ती म्हणाली. “पुन्हा एकदा बघते.”